शेरा: पेन बदललं

आंघोळ करताना चौकोन गेला. पोटावर, बेंबीच्या खाली आणि जरा उजवीकडे, डिंकाची एक बारीक कडा राहिली होती, कपड्यांचा कीस चिकटून राखाडी झालेली, चारही कोपरे शाबूत. शेवटची पट्टी काढून अकरा दिवस झाले होते. कडा निघत नव्हती आणि मीही ती घासत नव्हते. आज साबणाचा हात सहज फिरला आणि तिची वळून एक दोरी झाली, खोडरबराच्या कचऱ्यासारखी, आणि पाण्याबरोबर जाळीकडे गेली. मी वाकून बघितलं. एकसष्टाव्या वर्षी ओल्या फरशीवर वाकायचं नसतं हे माहीत असून वाकले. जाळीत एक पांढरा केस होता. बाकी काही नाही. चौदा वर्षं दर सोमवारी आणि दर गुरुवारी मी एक पट्टी काढून दुसरी लावत होते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे एका बाजूला नवी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला जुनीची कडा. दोन्ही बाजू मोकळ्या असलेलं माझं पोट मी सत्तेचाळीसची असल्यापासून बघितलंच नव्हतं. आता बघितलं. कुणाचं तरी होतं.

खोली: थंड. वाचन: नाही. शेरा: चौकोन गेला.

असा शेरा मी मनात लिहिते, ती धंद्याची सवय. पट्टी बंद करायची हे नव्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जुने डॉक्टर निवृत्त झाले, ते दर वर्षी कागदावर तेच औषध उतरवायचे आणि तब्येत कशी आहे हे कागदालाच विचारायचे. नव्या बाईंनी फाइल उघडली, मागे पलटली, अजून मागे पलटली. "चौदा?" "चौदा." "आणि कुणी थांबवून बघितलं नाही?" नाही. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढले तेव्हा पट्टी लावली, बरं वाटलं, मग लावत राहिले. चष्म्यासारखं. चष्मा कुणी थांबवून बघतं का? त्या हसल्या. छातीच्या तपासणीत काही नाही, म्हणाल्या, पण वय आहे, रक्तदाब चढतोय, आणि हार्मोन बाहेरून किती दिवस घालत राहायचं याचा एकदा विचार तर करू. आधी काही आठवडे अर्धी पट्टी, मग तीन महिने काही नाही. काय परत येतं ते बघायचं. बऱ्याच जणींना काही होतही नाही. "नाहीच सोसलं तर या, परत सुरू करू. माझा हट्ट नाही." हट्ट नाही म्हणाल्या आणि तिथेच माझी पंचाईत झाली. कुणी हट्ट धरला असता तर मला त्याच्यावर रागावता आलं असतं. आता ठरवायचं मीच. पाकिटात दोन पट्ट्या उरल्या आहेत. त्या मी फेकल्या नाहीत, स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांखाली ठेवल्या. रोज चमचा काढताना पाकीट सरकतं.

गरम होण्याची भीती मला नव्हती. गरम होणं म्हणजे काय हे मला जितकं माहीत आहे तितकं या शहरात फार थोड्यांना माहीत असेल. भीती होती ती बाई परत येण्याची. शस्त्रक्रिया आणि पट्टी यांच्यामध्ये आठ महिने होते, कारण जुने डॉक्टर म्हणाले होते की आपोआप बसेल. त्या आठ महिन्यांत माझ्या घरात एक बाई राहत होती. ती खिडक्या उघडायची आणि आपटायची. चमचा खाली पडला म्हणून ती पाऊण तास रडली होती. तिनं बहिणीला फोनवर असं काही बोलून ठेवलं की ते मी आजही आठवायला लागले की दुसरीकडे बघते, घरात कुणी नसतानासुद्धा. मग पट्टी आली. तिसऱ्या आठवड्यात मी एका सकाळी उठले आणि ती बाई निघून गेलेली होती, चहाचा कप न विसळता. त्यानंतर मी शांत होते. इतकी शांत की चार वर्षांनी आई गेली तेव्हा मी सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांना फोन केले, कपाट आवरलं, आणि माझ्या डोळ्यांतून थेंब आला नाही. धाकटी बहीण सोफ्यावर आडवी पडून रडत होती. मधेच मान वर करून म्हणाली, "तुझ्यापेक्षा दगड बरा गं ताई. दगडाला निदान शेवाळ येतं." नंतर ती ते विसरली. मी नाही. कारण मला तेव्हाच शंका आली होती, आणि गेली दहा वर्षं ती माझ्याबरोबर जेवायला बसते: ही शांती माझी की पट्टीची? आईला मी पोचवलं की त्या डिंकाच्या चौकोनानं?

थर्मामीटरचं असं असतं. काचेत पारा असतो, काच वर्षानुवर्षं गरम-गार होत राहते, आणि काच आहे म्हणून ती हळूहळू आकसते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. मग थर्मामीटर थोडं जास्त दाखवायला लागतं. ते खोटं बोलत नसतं, त्याचं शून्य सरकलेलं असतं. म्हणून दर वर्षी ते बर्फात उभं करायचं, शुद्ध पाण्याचा बारीक कुटलेला बर्फ, आणि शून्याला ते किती दाखवतं ते बघायचं. तेवढं वजा करायचं. हे माझं काम आहे. तेहेतीस वर्षं. दवाखाने, औषधांचे कारखाने, दुधाचे कारखाने आपापली थर्मामीटरं आमच्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि आम्ही ती आमच्या प्रमाण थर्मामीटरशेजारी पाण्याच्या टाकीत उभी करून ताडून बघतो. काम दोघांचं असतं. एक जण टाकीपासून लांब बसून छोट्या दुर्बिणीतून पारा वाचतो. लांब अशासाठी की माणसाच्या अंगाची ऊब टाकीला लागू नये. दुसरा पाठमोरा बसून नोंदवहीत लिहितो. वाचणारा फक्त शेवटचे दोन आकडे बोलतो, लिहिणारा ते जसेच्या तसे परत बोलतो आणि मगच लिहितो. एकोणसाठ. एकोणसाठ. म्हणजे कानाची चूक वहीत उतरत नाही. शेवटच्या रकान्यात शेरा. वाचणारा जे सांगेल तेच, लिहिणाऱ्यानं स्वतःचं काही घालायचं नाही. खोडायचं कधीच नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला बरोबर काय ते, आणि सही. प्रयोगशाळेत वाचणाऱ्याला डोळा म्हणतात आणि लिहिणाऱ्याला हात. बावीस वर्षं मी डोळा आहे आणि हात म्हणजे एकच गृहस्थ, त्यांना सगळे हातच म्हणतात.

हातांबद्दल मला काय माहीत आहे हे मोजायला लागले तर पटकन संपतं. मानेवर डाव्या बाजूला एक तीळ आहे, कारण मला दिसते ती मान. बायको शिक्षिका होती, गेली. चहात साखर नाही. शर्टाच्या खिशात तीन पेनं असतात, त्यावरून सगळी प्रयोगशाळा त्यांना चिडवते, हजेरीच्या कारकुनाला पेन हवं असलं तर तो शिपायाला म्हणतो, जा दुकानात जाऊन ये, म्हणजे हातांकडे. ते एक पेन काढून देतात आणि परत येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात. मला ते बाई म्हणतात, मी त्यांना काहीच म्हणत नाही. आकड्यांना हाक लागत नाही. माझं लग्न झालं नाही, त्यात गोष्ट नाही. पण कधी कधी, सुट्टीच्या दिवशी, घरात मी स्वतःशीच काहीतरी बोलते, दूध संपलं, असं काहीतरी, आणि मग थांबते. ते परत बोललं जाईल म्हणून थांबते. घरात कुणी परत बोलत नाही. दूध संपलं हे हवेत तसंच राहतं, वहीत न चढलेलं.

तर चौकोन गेला त्याच दिवशी दुपारी ते आलं. सदतीस अंशांचा टप्पा चालू होता, दवाखान्यांचा संच, बारा थर्मामीटरं. प्रमाण पहिलं वाचायचं, मग एक ते बारा, मग परत प्रमाण, सगळं एका लयीत, आणि पहिलं आणि शेवटचं प्रमाण जुळलं तरच संच धरायचा. सातव्यावर होते. आधी छातीच्या मधोमध कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं, मग ते वर चढलं, गळा, कान, कानाच्या पाळ्या, टाळू. दुर्बिणीची काच धुरकटली. आणि आता जे सांगते ते कुणालाही खरं वाटणार नाही, पण आमच्यातल्या माणसाला वाटेल: मला वाटलं खोली तापली. एका क्षणासाठीसुद्धा मला असं वाटलं नाही की मी. तेहेतीस वर्षं मी उष्णतेला बाहेर शोधत आलेय, टाकीत, भिंतीत, दाराच्या फटीत. माझ्या मनात आलं की हवा थंड करणारं यंत्र बंद पडलं, किंवा कुणी दार उघडं टाकलं, आणि मी म्हणाले, "थांबा. संच रद्द. शेरा: खोली तापली." "खोली तापली," हात म्हणाले आणि त्यांनी लिहिलं. मी उठून भिंतीवरचं थर्मामीटर बघायला गेले. वीस. मी त्याच्यावर टिचकी मारली. वीस. मी परत येऊन बसले तेव्हा माझ्या पाठीवरून घामाची एक ओळ खाली उतरत होती आणि मला आठवलं. अगदी हळू आठवलं, जसं खूप वर्षांनी रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव आठवतं, तो निघून गेल्यावर.

तेव्हाच सांगायला हवं होतं. रेघ मारा, चूक झाली, खोली वीस आहे. ते एक वाक्य होतं. मी ते बोलले नाही. कारण पुढचा प्रश्न आला असता, मग काय झालं होतं, आणि तो प्रश्न पाठमोऱ्या मानेनं विचारलाही नसता, तरी तो खोलीत असता. आणि दुसरं कारण कोपऱ्यात खोक्यात होतं. नव्या साहेबांनी वर्षापूर्वी कॅमेरा मागवलाय, पाऱ्याचा फोटो काढतो, आकडा स्वतः वाचतो, त्याला ना डोळा लागतो ना हात. साहेब वाईट नाहीत. त्यांनी सांगितलं होतं, तुम्ही दोघं आहात तोवर खोकं बंद. डोळ्याला गरम होतं आणि संच रद्द करावे लागतात, असं वहीत चढलं तर खोकं उघडायला त्यांना कैचीसुद्धा लागली नसती. निवृत्तीला दीड वर्ष आहे. दीड वर्ष मी घरी दूध संपलं म्हणत बसेन हे मला दिसत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी जेव्हा ते आलं, तेव्हा ते काय आहे हे पूर्ण माहीत असून मी म्हणाले, शेरा: खोली तापली. तिसऱ्या दिवशीही. पहिली चूक होती. पुढच्या दोन लबाड्या. हातांनी तिन्ही सारख्याच अक्षरात लिहिल्या.

वाचन: ४४, ४४, ४५, ४४. खोली: २०. शेरा: खोली तापली. ज्याला वाचता येतं त्याला हे वाचता येईल. रकाने शेजारी शेजारी होते.

साहेबांना वाचता आलं. ते आले, खोलीच्या तापमानाचा छापील कागद हातात, त्यावरची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. त्यांनी रागावून विचारलं नाही, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावू का असं विचारलं. मी म्हणाले दोन दिवस बघू. ते म्हणाले, बघा, आणि जाताना त्यांची नजर खोक्यावरून गेली, किंवा गेली नसेल. हात त्या वेळी पेनांची टोपणं एक एक करून बसवत होते. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. पट्टी बंद केल्याचं तिला मी सांगितलं होतं, तिला फार गंमत वाटत होती. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि या बाबतीत माझ्याहून सीनियर, सगळं आपोआप, पट्टीबिट्टी काही न लावता पार पाडलेली. फ्रीजमध्ये ओले टॉवेल घड्या घालून ठेवायची, पाहुण्यांनी ते एकदा पनीर समजून बाहेर काढले होते. "तू उशिरा आलीस ताई वर्गात. आमची परीक्षा होऊन गेली," म्हणाली. मी हसले. मग तिनं विचारलं की रडू येतं का. मी म्हणाले नाही. "येईल," ती म्हणाली, जसं बस येईल म्हणतात तसं. फोन ठेवल्यावर मी कपाटातून आईचा चष्मा काढला. हा प्रयोग मी ठरवून ठेवला होता. पट्टीचं शेवटचं औषध अंगातून जायला दोन-तीन दिवस पुरतात, मला पंधरवडा झाला होता, म्हणजे मी आता बर्फात उभी होते, शुद्ध पाण्याच्या. खिडकीशी बसले. चष्मा घातला. समोरची इमारत विरघळली, गॅलरीतली माणसं विरघळली, आईला हे सगळं असं नाही, उलट नीट दिसायचं या काचांतून, हे कळूनही एक क्षण वाटलं की ती जग असं बघायची. एका दांडीला तिच्या कानामागचा पिवळटपणा अजून होता. मी वाट बघितली. मी पंधरा मिनिटं घड्याळ लावून वाट बघितली. डोळे कोरडे. तेव्हा होते तितकेच. म्हणजे पट्टीनं काही केलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांना पाणी देणारी मीच होते. दहा वर्षं मला वाटायचं की हे कळलं तर हायसं वाटेल, आणि मला तसं वाटलं नाही. दोष द्यायला एक चौकोन होता, तोही जाळीतून गेला होता. मी चष्मा पुसून ठेवला आणि चमच्यांचा खण उघडला. पाकीट बघितलं. दोन पट्ट्या म्हणजे एक आठवडा, आणि डॉक्टरीणबाईंचा हट्ट नाही. एक लावली की चार-पाच दिवसांत खोली तापायची थांबेल. साहेब विसरतील. वहीतल्या तीन ओळी तीन ओळीच राहतील. मी पाकिटाचा कोपरा फाडला. कोपराच. उद्या बघू म्हणून परत ठेवलं.

चौथ्या दिवशी नवव्यावर होते. छातीतला दिवा लागायला आणि तोंडापर्यंत यायला वीसेक सेकंद जातात. त्या वीस सेकंदांत मी काय करायचं ते ठरवत होते, म्हणजे ती लबाडी चौथ्यांदा बोलायची की दात आवळून चुकीचा आकडा वाचायचा. नववं वाचलं. माझा आवाज मला जरा वर चढलेला वाटला. बासष्ट. "बासष्ट," हात म्हणाले, आणि मग म्हणाले, "थांबा बाई. पेन अडलं." ते उठले, खिडकीशी गेले, दुसरं पेन काढलं, कागदावर गिरगटून बघितलं, मग तिसरं. माझ्याकडे त्यांची पाठच होती. चारेक मिनिटं ते पेनं बघत राहिले. तोवर सगळं माझ्या अंगातून वर जाऊन ओसरून गेलं, कपाळ गार पडलं, मी दुर्बिणीची काच पुसली. ते येऊन बसले. "शेरा: पेन बदललं," ते स्वतःच म्हणाले आणि स्वतःच लिहिलं. संच पहिल्यापासून घेतला, जुळला. मी काहीच विचार केला नाही, आकडे चालू असताना विचार करता येत नाही. पण हात धुताना नळाखाली मला ते वाक्य परत ऐकू आलं, पेन बदललं, त्यांच्या आजच्या आवाजात नाही, जरा तरुण आवाजात.

जुन्या वह्यांच्या खोलीची किल्ली हातांकडे असते. मी मागितली. त्यांनी दिली, वहीत माझी सही घेतली, कशाला ते विचारलं नाही. जेवणाची सुट्टी होती. पंधरा वर्षांपूर्वीच्या वह्या खालच्या फळीवर होत्या, मी फरशीवर बसले, गुडघे कुरकुरले. शस्त्रक्रियेनंतर मी कामावर आले तो महिना काढला. आकडे, आकडे, त्यांचं तेच उभं अक्षर. शेऱ्याचा रकाना जवळजवळ रिकामा. मग एका ओळीत: पेन बदललं. वेळेच्या रकान्यात त्या ओळीच्या आधी आणि नंतर चार मिनिटांचं अंतर. दोन पानांनी: पेन बदललं. पुढच्या आठवड्यात तीनदा. एका दिवशी दोनदा. मी बोट ठेवून मोजत गेले, आठ महिन्यांत एक्केचाळीस. मग पट्टी सुरू केली तो महिना आला, त्याचा तिसरा आठवडा आला, आणि रकाना रिकामा झाला. पुढची वही काढली, त्याच्या पुढची काढली, चौदा वर्षांच्या मी सगळ्या चाळल्या नाहीत, चाळायची गरज नव्हती. ज्या माणसानं वहीत स्वतःचं एक अक्षर कधी घातलं नाही, त्यानं एक्केचाळीस वेळा खोटं लिहिलं होतं. आणि मला ते आठवत होतं. हीच शरमेची गोष्ट. मला ते चांगलं आठवत होतं, फक्त वेगळं. मला आठवत होतं की त्या वर्षी या गृहस्थांच्या पेनांचा काय वैताग होता. सातव्या-आठव्या थर्मामीटरवर आलं की यांचं पेन अडायचं. मी तेव्हाच्या साहेबांकडे तक्रार केली होती. खिडक्या आपटणाऱ्या त्या बाईनं केली होती, म्हणावं तर. पण सही माझी. लेखी केली होती: लिहिणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे वाचनाची लय तुटते. त्यांना साहेबांनी आत बोलावलं, काय बोलले माहीत नाही, बाहेर आले तेव्हा मान खाली होती आणि तीळ दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिशात तीन पेनं. दुकान. आणि त्या तीन पेनांवर सगळ्यांत पहिला विनोद मी केला होता. लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मी फरशीवर बसून राहिले. वह्यांना एक वास असतो, खळीचा. मला वाटलं होतं की त्या आठ महिन्यांत मी एकटी होते, माझ्या आणि त्या बाईच्यामध्ये कुणी नव्हतं, कुणाला कळलं नव्हतं, मी इतकं बेमालूम लपवलं होतं. तीन हात अंतरावर पाठमोरा बसलेला माणूस पाठ न वळवता माझा आवाज वाचत होता, शेवटच्या दोन आकड्यांवरून. आणि तरी मी एकटीच होते. त्यांनाही एकटंच लिहावं लागलं होतं ते, एक्केचाळीस वेळा. परत बोलायला कुणी नव्हतं. डोळ्यांत काही आलं का ते मी बघितलं. आलं होतं. थोडं. मी त्याचा शेरा लिहिला नाही.

संध्याकाळी घरी चमचा काढताना पाकीट सरकलं. मी ते तसंच ठेवलं. फाडलेल्या कोपऱ्यातून पट्टीची एक कडा दिसत होती, पारदर्शक. डॉक्टरीणबाईंकडे जायचं असेल तर मी तीन महिन्यांनी जाईन, सोसलं नाही म्हणून जाईन, आणि कदाचित जाईनही. वहीसाठी जाणार नाही एवढंच ठरलं. याच्यापलीकडे काही ठरलं नाही. दूध संपलं, मी म्हणाले, आणि खाली जाऊन आणलं.

दुसऱ्या दिवशी दहाव्यावर आलं. दिवा लागला. हातांच्या खांद्याची हालचाल मला दिसली, उजवा हात खिशाकडे निघाला होता.

"थांबा," मी म्हणाले. "पेन नको. शेरा लिहा. खोली वीस. वाचणारीला गरम होतंय."

त्यांचा हात खिशाशी थांबला. मला वाटलं ते वळून बघतील. बावीस वर्षांत टप्पा चालू असताना ते कधी वळले नाहीत, आताही वळले नाहीत. त्यांनी तेच पेन नोंदवहीवर टेकवलं.

"खोली वीस," ते म्हणाले. "वाचणारीला गरम होतंय." आणि लिहिलं. पेन कागदावर करकरलं ते मला ऐकू आलं. मग, "किती वेळ?"

"चार मिनिटं."

"चार मिनिटं."

गळा, कान, पाळ्या. मी रुमाल काढला आणि उघड पुसलं, आवाज होऊ दिला. कोपऱ्यातलं खोकं कोपऱ्यात होतं. साहेब वही बघतात, त्यांना वाचता येतं. टाळूपर्यंत येऊन ते तिथेच घोटाळलं. मी म्हणाले, मागच्या ओळींवर पण रेघ मारायची आहे. त्यांनी पानं मागे पलटली, लाकडी पट्टी घेतली.

"किती?"

"तीन. खोली तापली म्हटलंय त्या."

"तीन," ते म्हणाले. पण पट्टी ठेवली नाही. किल्लीच्या वहीत काल मी सही केली होती, ती त्यांच्यासमोरच होती. मानेवरचा तीळ हलला. "तीनच?"

नियमात प्रश्न बसत नाही. हा त्यांचा दिवसातला तिसरा होता.

"तीनच," मी म्हणाले. "बाकी सगळ्या पेनाच्या होत्या."

टाकीतला पंखा पाणी ढवळत होता. मग त्यांनी तीन रेघा मारल्या, एकेक, खालचं वाचता येईल अशा, आणि वही न वळता मागे सरकवली, सहीसाठी. वहीबरोबर खिशातलं एक पेन. मी सही केली. पेन चांगलं चालत होतं, अडत नव्हतं. मी ते परत दिलं तेव्हा कपाळ गार व्हायला लागलं होतं. काच पुसली, डोळा लावला. प्रमाणातला पारा जिथे होता तिथेच होता. मी लगेच काही वाचलं नाही. आणि त्यांनी, वाचणाऱ्यानं बोलायच्या आधी, स्वतःहून म्हटलं,

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून," मी म्हणाले.